धागा : जड खेळ सुरू असताना संगणक अचानक बंद पडतो, एसएमपीएस बदलावा की दोष आणखी कुठे आहे?

उन्हाळी_पाखरू :
नमस्कार मंडळी. गेले पाच आठवडे माझा संगणक मला छळत आहे, आणि पैसे खर्च करण्याआधी जाणकारांचे मत घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे. मी अकोल्यात राहतो. संगणक असेंबल केलेला आहे : रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड (दोन वर्षांपूर्वी वापरलेले घेतले), १६ जीबीच्या दोन रॅम आणि ६५० वॉटचा, गोल्ड दर्जाचा एसएमपीएस (संगणकाच्या सर्व भागांना वीज पुरवणारा डबा). दीड-पावणेदोन वर्षे काहीही तक्रार नव्हती. एप्रिलपासून मात्र मोठ्या नकाशाचा जड खेळ लावला की अर्ध्या-पाऊण तासात पडदा काळा होतो आणि सगळे पंखे थांबतात. निळा पडदा येत नाही, चुकीचा संदेश येत नाही. ऑफिसचे काम, चित्रपट, ब्राउझर यांत कधीच काही होत नाही. ड्रायव्हर काढून नव्याने टाकून पाहिला, धूळ साफ केली, प्रोसेसरची थर्मल पेस्टही बदलली. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, दर वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ एवढेच दिसते. इथल्या दुकानदाराचे म्हणणे असे, की ग्राफिक्स कार्ड गेले आहे. नवीन कार्ड घेण्याची माझी आत्ता ऐपत नाही, म्हणून विचारतो : एसएमपीएस बदलून पाहावा का?

अर्धा_चहा :
अकोल्यात मे महिन्यात माणसेही दुपारी बंद पडतात, तिथे संगणकाचे काय घेऊन बसलात. कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधून पाहिली का?

बिनधास्त_बायोस :
माझा अनुभव सांगतो. मलाही असाच त्रास होता आणि दोष निघाला रॅमचा. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारा पर्याय, चालू करून रॅम ३६०० वर पळवत होतो. ते बंद केल्यावर त्रास थांबला. तुमच्या बोर्डावर हाच पर्याय डीओसीपी या नावाने असू शकेल. तो बंद करा आणि रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे किमान चार फेरे पूर्ण होऊ द्या. फुकटचा उपाय आधी करावा, खर्चाचा नंतर.

तांब्याची_तार :
पुण्यात गेली नऊ वर्षे संगणकदुरुस्ती करते, त्या आधारावर लिहिते. कुठलाही भाग बदलण्यापूर्वी संगणक ‘कसा’ मरतो ते पाहणे फार महत्त्वाचे असते, आणि बहुतेक लोक नेमकी हीच गोष्ट सांगायची विसरतात. खेळ एकटाच बंद होऊन डेस्कटॉप दिसत असेल, तर संशय ड्रायव्हर, रॅम किंवा खेळ यांवर जातो. पडदा दोन-तीन सेकंद काळा होऊन परत येत असेल, तर विंडोजने ग्राफिक्स कार्डाच्या उत्तराची वाट पाहून (ही मुदत मुळात दोन सेकंदांची असते) ड्रायव्हर नव्याने सुरू केला, असा त्याचा अर्थ होतो. निळा पडदा आला तर त्याच्या संकेतांकावरून पुढे जाता येते. पण पंख्यांसह सगळे एका क्षणात थांबले, तर विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळालेला नसतो. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद तर पुढच्या वेळी सुरू होताना केली जाते. तिचा अर्थ ‘मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो’ एवढाच. त्या नोंदीच्या तपशिलात बगचेककोड (निळ्या पडद्याचा संकेतांक) शून्य आहे का ते पाहा. शून्य असेल, तर वीज गेली किंवा तोडली गेली असे समजायला हरकत नाही.

@बिनधास्त_बायोस, रॅमचा दोष सहसा असा दिसत नाही. त्यात निळे पडदे येतात, तेही दर वेळी वेगळ्या संकेतांकाचे. फाइल खराब होतात, खेळ मधेच मिटतो. तरीही चाचणी करण्यात तोटा नाही.

रात्रपाळी :
एचडब्ल्यूइन्फो हा तापमान आणि वीजवापर दाखवणारा प्रोग्राम उतरवून घ्या आणि त्यातील सेन्सरच्या नोंदी फाइलमध्ये साठवायला लावा. संगणक बंद पडला तरी शेवटची ओळ शिल्लक राहते. त्या ओळीत प्रोसेसरचे तापमान, कार्डाचा हॉटस्पॉट (चिपवरचा सर्वांत तापलेला बिंदू), कार्डाच्या मेमरीचे तापमान आणि कार्ड घेत असलेले वॉट एवढे चार आकडे पाहा आणि इथे लिहा. सोबत एका वहीत बंद पडण्याची वेळ टिपत जा. माझ्याकडे सर्व्हर सांभाळण्याचे काम आहे. कोडे कितीही अवघड असले तरी घड्याळ बरेचदा अर्धे उत्तर देते.

उन्हाळी_पाखरू :
सर्वांचे आभार. बगचेककोड शून्यच आहे. मेमटेस्टचे चार फेरे रात्रभर चालवले, एकही चूक निघाली नाही. डीओसीपी बंद करूनही संगणक दोनदा पडला. शेवटच्या ओळीतील आकडे असे : प्रोसेसर ७४ अंश, कार्डाचा हॉटस्पॉट ८९ अंश, कार्डाची मेमरी १०४ अंश, कार्डाचा वीजवापर ३१७ वॉट. मेमरीचा आकडा पाहून मी घाबरलो आहे.

रात्रपाळी :
घाबरू नका. १०४ हा आकडा सुखाचा नाही, पण ३०८० वरची जीडीडीआर६एक्स मेमरी मुळातच तापट आहे आणि साधारण ११० अंशांच्या आसपास कार्ड स्वतःच वेग कमी करू लागते. उष्णतेचा स्वभाव असा, की आधी वेग घटतो, फ्रेम गळतात, आणि बंद पडणे हा अगदी शेवटचा टप्पा असतो. तुमचा प्रोसेसर ९० अंशांपर्यंत चालावा असाच घडवलेला आहे. पुढे कधीतरी कार्डाचे थर्मल पॅड बदला, पण या आजाराचे मूळ तिथे असेल असे वाटत नाही.

जुना_खोका :
हा धागा वाचून मला २००३-०४ चे दिवस आठवले. त्या काळात मदरबोर्डांवरचे कपॅसिटर फुगण्याची जगभर साथ आली होती. कॅबिनेट उघडले की लहान डब्यांची माथी फुगलेली, कुठे तपकिरी द्रव ओघळलेला. संगणक असाच, ताण आला की मान टाकायचा. मी दादरच्या एका गल्लीतून सुटे कपॅसिटर आणून रात्री दोनपर्यंत डाग देत बसत असे आणि घरचे समजत की मुलगा अभ्यास करतो आहे. तेव्हा मित्रा, टॉर्च घेऊन बोर्डावरचे कपॅसिटर एकदा पाहून घे. एसएमपीएस मात्र उघडू नकोस. प्लग काढल्यावरही त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहू शकतो.

बिनधास्त_बायोस :
रॅमबाबत मी चुकलो असेन, पण मग १३व्या-१४व्या पिढीच्या प्रोसेसरांचे जे प्रकरण झाले, तसे काही इथे असू शकते का?

तांब्याची_तार :
नाही, तो प्रकार इन्टेलच्या प्रोसेसरांचा आहे आणि प्रश्नकर्त्याकडे रायझन आहे. पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते : प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत असल्याचे इन्टेलने २०२४ च्या जुलैमध्ये जाहीर केले, ऑगस्टमध्ये ०x१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतील सूचनांची दुरुस्ती) दिला आणि संबंधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्याचे लक्षणही निराळे होते. ग्राफिक्सची मेमरी भरपूर शिल्लक असताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येऊन खेळ मिटायचा. ज्यांच्याकडे ते प्रोसेसर आहेत, त्यांनी बायोस अद्ययावत करावा. आता मूळ विषयाकडे येऊ.

उन्हाळी_पाखरू, दोन प्रश्नांची उत्तरे द्या. बंद पडल्यावर संगणक स्वतःहून परत सुरू होतो, की एसएमपीएसचा मागचा स्विच बंद-चालू करावा लागतो? आणि त्या वेळी मॉनिटरचा दिवा चालू राहतो का?

उन्हाळी_पाखरू :
वहीत आठ वेळा नोंदल्या आहेत. पाच वेळा संगणक स्वतःहून परत सुरू झाला. तीन वेळा मात्र समोरचे बटण दाबूनही काहीच झाले नाही, मागचा स्विच बंद करून थोडे थांबावे लागले. मॉनिटरचा दिवा दर वेळी चालू असतो आणि ‘सिग्नल नाही’ असे दिसते. मॉनिटर वेगळ्या स्पाइक गार्डवर आहे, संगणक यूपीएसवर.

फेज_न्यूट्रल :
मी संगणकाचा माणूस नव्हे. सांगलीला वायरिंगच्या ठेकेदारीत ३१ वर्षे गेली, आता निवृत्त आहे आणि नातवाच्या संगणकामुळे इथे वाचत असतो. बाळा, यूपीएसचा उल्लेख तू आत्ता पहिल्यांदा केलास. तो किती क्षमतेचा आहे, बॅटरी किती जुनी आहे आणि त्या आठ नोंदी किती वाजताच्या आहेत, हे कृपया लिही.

उन्हाळी_पाखरू :
काका, यूपीएस १००० व्हीएचा आहे, म्हणजे १००० वॉट, त्यामुळे तिकडे लक्षच गेले नाही. बॅटरी सव्वातीन वर्षे जुनी आहे. वेळा पाहिल्या आणि मलाच आश्चर्य वाटले. स्वतःहून सुरू झाला त्या पाचही वेळा संध्याकाळी सात ते साडेनऊच्या दरम्यानच्या आहेत. उरलेल्या तीन वेळा विखुरलेल्या आहेत. एक दुपारची, दोन मध्यरात्रीनंतरच्या.

फेज_न्यूट्रल :
मग माझ्या मते तुझ्याकडे एक नव्हे, दोन आजार आहेत, आणि ते एकमेकांच्या आड लपले आहेत.

पहिली गोष्ट, १००० व्हीए म्हणजे १००० वॉट नव्हे. घरगुती यूपीएसच्या मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत वॉट वेगळे छापलेले असतात आणि १००० व्हीएच्या यूपीएसवर तो आकडा बहुधा ६०० असतो. आता तुझा हिशेब करू. कार्ड ३२० वॉट, खेळात प्रोसेसर शंभरेक वॉट, बोर्ड, पंखे, डिस्क मिळून पन्नास. एसएमपीएस स्वतः दहा-बारा टक्के गिळतो, म्हणजे भिंतीतून सव्वापाचशेच्या आसपास वॉट गेले, आणि हे सरासरीचे झाले. कार्ड क्षणभर उसळले की ६०० ची रेघ ओलांडली जाते.

दुसरी गोष्ट, संध्याकाळी सातनंतर तुमच्याकडे गल्लीतले सगळे कूलर एकदम लागतात आणि व्होल्टेज खाली येते. यूपीएसच्या आतील रिले (विजेने चालणारे स्विच) ‘टक’ करून ट्रान्सफॉर्मरचे टॅप बदलतात किंवा बॅटरीवर उडी मारतात, आणि या बदलात काही मिलिसेकंद पुरवठा तुटतो. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. जुना झालेला त्याहून कमी. त्यात बॅटरी सव्वातीन वर्षांची. या क्षमतेच्या यूपीएसमध्ये सहसा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्यांतून ६०० वॉट काढायचे म्हणजे २५ अँपिअरहून जास्त प्रवाह हवा, आणि थकलेल्या बॅटरीला तो झेपत नाही. पुरवठा क्षणभर कोसळतो, परत येतो, आणि संगणक पुन्हा सुरू होतो. वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय तुझ्या बायोसमध्ये चालू असणार.

उरलेल्या तीन वेळांचे मला कळत नाही. त्या ताईंनी सांगाव्यात.

तांब्याची_तार :
काका, तुम्ही माझे काम सोपे केलेत. मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय संगणक उठत नाही, याचा अर्थ एसएमपीएसने स्वतःचे संरक्षण म्हणून कुलूप लावून घेतले. ३०८० साठी ७५० वॉटचा एसएमपीएस सुचवलेला असतो तो उगाच नाही. कार्डाची सरासरी ३२० असली तरी मिलिसेकंदाहून कमी काळासाठी ती बरीच वर उसळी घेते, आणि काही एसएमपीएसना ती उसळी म्हणजे शॉर्टसर्किट वाटते. सॉफ्टवेअरमध्ये ही उसळी दिसणार नाही, कारण ते दोन सेकंदांतून एकदा डोकावते. याच कारणामुळे एसएमपीएससाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात एसएमपीएसने अगदी अल्पकाळ दुप्पट भार सोसावा, अशी अट घातली गेली.

पण नवीन घेण्याआधी एक पाहा. कार्डावर आठ पिनांची दोन तोंडे आहेत ना? त्यांना एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आल्या आहेत, की एकाच केबलला पुढे दोन तोंडे फुटली आहेत?

उन्हाळी_पाखरू :
कॅबिनेट उघडून पाहिले. एकच केबल आहे आणि तिलाच शेपटीसारखे दुसरे तोंड जोडलेले आहे. दुकानात असेंबल करताना तशीच लावली होती, त्यामुळे तीच रीत असेल असे मी समजत होतो.

तांब्याची_तार :
प्रत्येक आठ पिनी तोंड १५० वॉटसाठी ठरलेले आहे आणि स्लॉटमधून फार तर ७५ वॉट मिळतात. म्हणजे अडीचशेच्या आसपास वॉट, एकवीस-बावीस अँपिअर, एकाच केबलमधून धावत आहेत. चालत नाही असे नाही, हजारो संगणक तसे चालतात. परंतु तुमचा एसएमपीएस आधीच काठावर आहे, तिथे ही चूक परवडणारी नाही. दुसरी केबल एसएमपीएसच्या खोक्यात असेल, शोधा. मात्र दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची केबल तोंड बसते म्हणून लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना सर्वांची सारखी नसते आणि एका चुकीच्या केबलने कार्ड जळू शकते.

आणि मेहेरबानी करून दोन्ही बदल एकाच दिवशी करू नका. आधी यूपीएस काढा आणि आठवडाभर पाहा. मग केबल बदला. एकदम सगळे बदलले, तर काय दुरुस्त झाले ते कधीच कळत नाही.

बिनधास्त_बायोस :
यूपीएस काढायला सांगणे मला धोक्याचे वाटते. व्होल्टेज खाली-वर होणाऱ्या भागात संगणक थेट भिंतीला लावणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे नाही का?

फेज_न्यूट्रल :
शंका रास्त आहे. एसएमपीएसच्या लेबलवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असेल, तर कमी व्होल्टेजची त्याला फारशी भीती नाही. व्होल्टेज घटले की तो प्रवाह जास्त ओढतो, इतकेच. २०० ते २४० असे असेल, तर मात्र संध्याकाळी थेट लावू नये. शिवाय १६ अँपिअरच्या प्लगवर लावावा आणि अर्थिंग आधी तपासून घ्यावे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नाही असे समजावे. स्पाइक गार्डने व्होल्टेज स्थिर होते, हा गैरसमजही अनेकांत आहे, तसे ते होत नाही. वीज मोजण्याची सवय नसेल, तर स्वतः मीटरची टोके बोर्डात घालू नकोस, वायरमनकडून मोजून घे.

उन्हाळी_पाखरू :
नऊ दिवसांनी लिहीत आहे. एसएमपीएसवर १०० ते २४० असेच आहे. वायरमनला बोलावून मोजून घेतले : रात्री सव्वाआठ वाजता १७८ व्होल्ट, सकाळी २२६. अर्थिंग ठीक निघाले. यूपीएस काढून संगणक १६ अँपिअरच्या प्लगवर लावला. नऊ दिवसांत संध्याकाळी एकदाही बंद पडला नाही. परवा रात्री एकच्या सुमारास मात्र एकदा पडला, आणि स्विच बंद-चालू करावा लागला. म्हणजे काकांचे दोन आजारांचे निदान बरोबर ठरते आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. यूपीएस काढून ठेवला त्या रात्री जेवताना आई म्हणाली, “आज तुझं ते पीं-पीं ऐकू नाही आलं.” मी विचारले, कसले पीं-पीं? तर ती म्हणे, रोज संध्याकाळी तुझ्या खोलीतून तीन-चारदा वाजते, मला वाटले खेळातच वाजत असेल. मी कानांवर हेडफोन चढवून बसलेला असतो. यूपीएस पाच आठवडे ओरडून सांगत होता आणि ते फक्त स्वयंपाकघरात ऐकू जात होते.

अर्धा_चहा :
लॉग फाइल स्वयंपाकघरात साठत होती असे म्हणा.

रात्रपाळी :
केबल बदलेपर्यंत एक तात्पुरता उपाय सुचवतो. आफ्टरबर्नर या ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये कार्डाची वीजमर्यादा ७५ ते ८० टक्क्यांवर आणा आणि फ्रेमना मॉनिटरच्या वेगाइतकी मर्यादा घाला. काही खेळांचे मेनू बंधन नसल्यामुळे सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसतात आणि कार्ड विनाकारण तापते. परवा पडला तेव्हा तुम्ही मेनूत होता का?

उन्हाळी_पाखरू :
होय! मेनू उघडा ठेवून पाणी प्यायला उठलो होतो. मर्यादा ७५ टक्के केली. ८८ च्या जागी ८१ फ्रेम मिळतात, डोळ्यांना फरक जाणवत नाही, आणि कार्डाची मेमरी १०४ वरून ९४ अंशांवर आली.

दुसरी केबलही सापडली. एसएमपीएसचे खोके माळ्यावर, ताईच्या लग्नातल्या पातेल्यांच्या मागे होते आणि ती केबल पिशवीचे सील न फोडता तशीच पडून होती. आज सकाळी लावली.

तांब्याची_तार :
उत्तम. आता वीजमर्यादा पुन्हा १०० टक्क्यांवर नेऊन दोन आठवडे खेळा. बंद पडला नाही, तर केबलने काम भागले. पडला, तर ८५० वॉटचा, एटीएक्स ३.० किंवा त्यापुढच्या मानकाचा एसएमपीएस घ्या, किंवा ७५ टक्क्यांवर समाधानी राहा. नवीन कार्डाची गरज कुठल्याही परिस्थितीत दिसत नाही.

उन्हाळी_पाखरू :
सतरा दिवस झाले. १०० टक्क्यांवर एकदाही बंद पडला नाही. तरीही उन्हाळा संपेपर्यंत मी ८० टक्क्यांवरच ठेवणार आहे, खोली कमी तापते. एसएमपीएसचे पैसे दिवाळीसाठी बाजूला ठेवले. यूपीएसची बॅटरी बदलून त्यावर फक्त राउटर आणि आईचा टेबलावरचा दिवा जोडला आहे. काका, ताई, रात्रपाळी, तिघांचे मनापासून आभार.

बिनधास्त_बायोस :
आणि रॅमवाल्याचे?

उन्हाळी_पाखरू :
तुमच्यामुळे रॅम निर्दोष असल्याची खात्री झाली, तेव्हा तुमचेही. डीओसीपी परत चालू केले आहे.

अर्धा_चहा :
एवढा धागा वाचून झाल्यावर मी टेबलाखाली आडवा होऊन मोबाइलच्या उजेडात माझ्या यूपीएसचे लेबल वाचले. ६०० व्हीए, ३६० वॉट. त्यावर संगणक, दोन मॉनिटर आणि बायकोच्या आग्रहावरून जोडलेला लेझर प्रिंटर आहे. माझा संगणक महिन्यातून दोनदा का पडतो याचे कारण मी आजवर विंडोजला देत आलो होतो. प्रिंटर आत्ताच काढला आहे. तिला काय सांगायचे ते कुणीतरी सुचवा.